ओसरीवरून : माजघराच्या भिंतीचा घाम

मनुस्मृतींत वानप्रस्थाश्रम केव्हां घ्यावा याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. अंगावर सुरकुत्या दिसूं लागल्या, केस पांढरे झाले आणि नातवंडाचें तोंड दिसलें, म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी. पहिल्या दोन खुणा आमच्या ठिकाणीं पेन्शनीच्या आधींच प्रकट झाल्या होत्या. तिसरी पेन्शनीच्या दुसऱ्या वर्षीं पाळण्यांत आली. अडचण पडली ती अरण्याची. चिंचवडाहून कोणत्याहि दिशेला चालूं लागलें तरी अरण्य म्हणून कांहीं लागत नाहीं. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा कारखाना निघाला. पुढें आकुर्डी, भोसरी करीत कारखाने पार चाकणपर्यंत पोंचले. १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. तेव्हां आम्हीं आपला वानप्रस्थ घरच्या ओसरीवरच मांडला आहे, आणि खरें सांगावयाचें तर तो आम्हांस फार मानवला आहे.

पहांटे उठून पवनेच्या घाटापर्यंत जावें, मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घ्यावें, येतांना ताजी भाजी आणावी व ती महाग आणली म्हणून सौभाग्यवतीचें बोलणें ऐकावें. मग ओसरीवर वर्तमानपत्र, नातवाची रामरक्षा, दुपारीं घटकाभर डोळा. घंटा वाजत नाहीं, तास संपत नाहीं. मात्र एक खोड जात नाहीं. सारा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत गेला. आतां वह्या नाहींत, म्हणून घराच्या चुका दिसूं लागतात. या दाराची कडी नीट बसत नाहीं, त्या खिडकीचें बिजागर कुरकुरतें, न्हाणीघराचा नळ ठिबकतो. पहिल्या वर्षभरांत आम्हीं पेंचकस घेऊन घरांतील बहुतेक वस्तु एकदां तरी उघडल्या. त्यांतील कित्येक पुन्हां मिटल्यादेखील. सौभाग्यवतीचें मत असें कीं, मास्तर शाळेंत होते तेव्हां घर अधिक नीट चालत असे.

परंतु गेल्या श्रावणांत जी चूक आमच्या नजरेस आली ती पेंचकसानें सुटणारी नव्हती. माजघराच्या आंतल्या भिंतीवर, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, ओल्या कागदासारखा एक डाग उमटला. दहा-पंधरा दिवसांत रंगाला फोड आले, आणि एके रात्रीं पोपडा गळून पडला. भिंतीजवळ नाक नेलें तर कुजक्या लांकडाचा वास. ज्यांचीं घरें जुन्या बांधणीचीं आहेत त्या वाचकांस या वासाचा अर्थ सांगावयास नको.

आमचें घर शंभराहून अधिक वर्षांचें आहे. वाडा म्हणण्याइतकें तें मोठें नाहीं. ओसरी, माजघर, देवघर, कोठीची खोली, वर दोन खण आणि मागें चौक, एवढाच पसारा. दगडी जोतें, त्यावर उथळीं, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि वर कडीपाट. विटा आणि पांढरी माती यांच्या भिंती या सांगाड्याच्या मधल्या जागा भरण्यापुरत्याच. घराचा भार वाहतात ते खांब, व त्यांतले कित्येक भिंतींत गाडलेले असल्यामुळें डोळ्यांस दिसतहि नाहींत. माजघराच्या त्या भिंतींत असाच एक खांब आहे, आणि वरच्या मजल्याची मुख्य तुळई त्याच्यावर टेकलेली आहे.

योग असा कीं, त्याच महिन्यांत एका बिल्डरचें बोलावणें आलें होतें. शेजारचीं दोन घरें त्याच्याकडे गेलीं आहेत. आमचें मिळालें तर तेथें सात मजले उठतील, आणि आमच्या तीन बिऱ्हाडांस तीन फ्लॅट मिळतील. आमचे दोन पुतणे व आमचा चिरंजीव या तिघांचा कल तिकडे होता, आणि त्यांचें म्हणणें अविचाराचें नव्हतें. आमचे वडील बंधु अण्णा हे घरांतील कर्ते. ते कांहींच बोलले नाहींत. आम्ही मात्र पुष्कळ बोललों, आजोबांपासून सुरुवात करून. शेवटीं असें ठरलें कीं, बिल्डरला उत्तर गुढीपाडव्यास द्यावें. तोंपर्यंत आम्हीं पाहिजे तर ती भिंत दुरुस्त करून दाखवावी. खांब गेलेला निघाला तर वाद संपला.

चुन्याचें काम जाणणारा गवंडी आतां सहज मिळत नाहीं. सिमेंटचे शंभर मिळतात. दिवाळी होऊन गेल्यावर एका स्नेह्यांच्या ओळखीनें जे मिस्त्री आले ते आमच्याच वयाचे. त्यांनीं चहा घेतला, भिंतीवर करणीच्या मुठीनें चार ठिकाणीं ठोकून पाहिलें, कान लावला, आणि विचारलें, "गुरुजी, ह्या भिंतीला रेनकोट कुणी घातला?"

आम्हीं म्हटलें, "जुनें काम आहे."

हें उत्तर खोटें नव्हतें, पण खरेंहि नव्हतें. तो रेनकोट आम्हींच घातला होता. १९९४ सालीं आम्हांस पगाराची थकबाकी एकदम मिळाली. अण्णा तेव्हां वहिनींसह काशीयात्रेस गेले होते. ते परत येईपर्यंत माजघर नवें करून त्यांस चकित करावें असा बेत आम्हीं केला. जुना चुन्याचा गिलावा हात लावला तरी पांढरी पूड देई. मुलांचे सदरे भरत. तो सगळा खरवडून काढून आम्हीं सिमेंटचा कडक गिलावा करविला, आणि त्यावर फिक्कट हिरवा तेलरंग दिला. भिंत अशी चकाकूं लागली कीं तींत दिव्याचें प्रतिबिंब दिसावें. यात्रेहून आल्यावर अण्णांनीं तिच्यावरून हात फिरविला आणि म्हटलें, "छान झाली. पण हिला घाम आला तर तो कोठें जाणार?" आम्ही हंसलों. अण्णा कारखान्यांत फिटर. आम्ही मॅट्रिक होऊन वर संस्कृत शिकलेले. भिंतीला घाम येतो ही कल्पना आम्हांस काव्यांतली वाटली.

ती काव्यांतली नव्हती. दिव्याच्या वातींत तेल चढतें त्याच रीतीनें जमिनींतील ओल विटामातीच्या भिंतींत चढते. पावसाळ्यांत धरणांतून पाणी सोडलें कीं पवना फुगते व समाधिमंदिराच्या आवारांत पाणी येतें. आमचें घर उंचावर असल्यामुळें पाणी उंबऱ्याशीं येत नाहीं, परंतु खालची जमीन महिनेच्या महिने ओली राहते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. चढलेली ओल त्यांतून हळूहळू बाहेर पडते आणि वाऱ्यावर वाळून जाते. पांढरी पूड गळते ती या कामांत तो गिलावा झिजतो म्हणून. दर कांहीं वर्षांनीं त्याला सफेदी द्यावी, एवढेंच त्याचें मागणें. वरून सिमेंट आणि तेलरंग यांचें कवच घातलें कीं ओलीची ही वाट बंद होते. मग ती भिंतीच्या आंतून वरवर चढत जाते, व तिला लांकूड सांपडलें म्हणजे तेथें मुक्काम करते.

सिमेंटला दोष देण्यांत अर्थ नाहीं. इंग्लंडांतील लीड्स गांवच्या जोसेफ ऑस्पडिन नांवाच्या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें; आपल्या देशांत १९१४ च्या सुमारास पोरबंदरास तें तयार होऊं लागलें; आणि आज धरणें, पूल, सात मजल्यांचीं घरें त्याच्याच बळावर उभीं आहेत. पण आमच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हां बांधणाऱ्यांच्या मनांत सिमेंट नव्हतें. मऊ भिंतीला कठीण कातडें चालत नाहीं. हें आम्हांस मिस्त्रींनीं करणीच्या टोंकानें पोपडा उचकटतां उचकटतां समजावून दिलें, आणि आम्ही बाकावर बसलेल्या मुलाप्रमाणें मान डोलवीत राहिलों.

भिंत फोडली तेव्हां मार्गशीर्ष लागला होता. वरच्या तुळईखालीं चार टेकू देऊन विटा एकेक काढल्या. खांब वरून सुरेख होता. सुताराची पटाशी त्यांत शिरेना. खालीं मात्र उथळ्यापासून दीड हात लांकूड असें झालें होतें कीं बोटानें उकरावें. वाळवीनें उरलेलें काम केलें होतें. उथळें जसेंच्या तसें. आमचे पुतणे पाहावयास आले, वांकून त्यांनीं बोट घातलें आणि कांहीं न बोलतां हात पुसले. ते बोलते तर बरें झालें असतें.

सुतार मात्र शांत होता. त्याचें म्हणणें, दांत किडला म्हणून जबडा काढीत नाहींत. किडका भाग चांगल्या लांकडांत वीतभर शिरून कापून टाकावा, जुन्या सागवानाचा तेवढाच तुकडा लांब तिरकस सांधा घालून खालून बसवावा, आणि सांध्यांत लांकडी खुंट्या ठोकाव्यात. नवें सागवान वाळतांना आंखडतें, म्हणून जुनेंच पाहिजे. पाडलेल्या वाड्यांचें लांकूड जेथें विकतात अशा पुण्यांतील एका वखारींत आम्ही त्याच्याबरोबर लोकलनें गेलों. तेथें खांब, तुळया, दारांच्या चौकटी यांच्या राशी लागलेल्या. एका चौकटीवर कोणाच्या तरी मुंजीचे कुंकवाचे हात अजून दिसत होते. आम्हांस हवा होता तो तुकडा मिळाला. येतांना वेळ होता म्हणून विश्रामबागवाड्यावरून आलों. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं, १८०७ च्या सुमारास बांधलेला तो वाडा. त्याची कोरीव लांकडी दर्शनी बाजू दुरुस्त होऊन आजहि रस्त्यावर उभी आहे. सुतार खालपासून वरपर्यंत पाहत राहिला व म्हणाला, "ह्यांच्याकडे सरकार होतं. आपल्याकडे तुम्ही आणि मी."

याच सुमारास मोरया गोसावींच्या समाधीचा उत्सव आला. मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या आधींपासून चिंचवडांत पाय ठेवावयास जागा नसते, आणि आमच्याकडे परगांवचीं माणसें उतरण्याची रीत फार जुनी आहे. यंदां पाहुण्यांनीं टेकूंच्या मधून वाट काढीत पानें मांडलीं. घराची अशी लक्तरें दिसतात म्हणून सौभाग्यवतीस वाईट वाटलें. पण पाहुण्यांस भिंतीच्या पोटांत काय असतें तें पाहावयास मिळाल्यामुळें ते प्रसादाइतकेच भिंतीविषयीं बोलत होते. समाधीचें मंदिर १६५८-५९ मध्यें बांधल्याचा शिलालेख तेथें आहे. दर पावसाळ्यांत नदी आवारांत येऊन जाते आणि तें मंदिर उभें आहे; त्या मानानें आमची तक्रार लहानच म्हणावयाची.

पौषांत चुना आला. भट्टीचे पांढरे खडे हौदांत टाकून पाणी सोडलें कीं तें आपोआप खदखदूं लागतें. वाफ निघते, शिंतोडे उडतात. चिरंजीवाच्या लहानग्यास आम्हीं दूर ओसरीवर बसविला, कारण हा चुना डोळ्यांत गेला तर दृष्टि जाण्याचें भय असतें. विझलेला चुना पाण्याखालीं तीन आठवडे मुरत ठेवला. नातवानें विचारलें, इतके दिवस कशाला? आम्हांस त्याला एक गंमत सांगतां आली. चुनखडीचा दगड भट्टींत भाजला कीं त्यांतील कर्बवायु उडून जातो व चुना होतो. तो भिंतीवर लावला कीं महिनोन् महिने हवेंतला तोच वायु परत शोषून घेतो आणि पुन्हां दगड होतो. माणसाच्या हातून दगड होण्याचें काम सावकाशच होणार. नातवानें ही गोष्ट शाळेंत सांगितली, आणि बाईंनीं त्याला वर्गापुढें उभें करून पुन्हां सांगावयास लावली. आमच्या पेन्शनींतील हा एक मोठा दिवस.

येथें आमची जुनी विद्या उफाळून आली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सावरीचीं फुलें, वेखंड इत्यादि पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा, मग त्यांत गुग्गुळ, राळ, बेलफळ वगैरे घालावें. हा लेप देवळें, मूर्ति, भिंती, विहिरी यांना लावला असतां कोटि वर्षें टिकतो असें आचार्यांचें म्हणणें. आम्हीं पोथी काढून मिस्त्रींस अर्थ सांगितला. त्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें आणि विचारलें, "कोटि वर्षांची हमी देणाऱ्याचा फोन लागतो का? मी आपली तीस वर्षांची देतो." सौभाग्यवतीनें कवठें चटणीसाठीं राखून ठेविल्याचें जाहीर केलें, तेव्हां वज्रलेपाचा विषय मिटला. पण मिस्त्रींच्या स्वतःच्या कृतींतहि बेलफळाचा गर निघाला. त्याशिवाय हिरड्याचा काढा, गुळाचें पाणी, भिजवून वाटलेले उडीद आणि बारीक कातरलेला ताग. चुना एक भाग, वाळू दीड व ओलीला तोंड देण्यासाठीं विटांची सुरखी दीड. उडीद वहिनींनीं वाटून दिले. आचार्य आणि मिस्त्री यांच्यांत बेलफळापुरतें एकमत पाहून आम्हांस समाधान वाटलें.

अण्णा रोज चौकांतल्या खुर्चींत बसून हें सारें पाहत. त्यांचीं वर्षें पंचाहत्तरावर गेलीं आहेत, व दोन्ही गुडघे धरले आहेत. पहिला हात चढला त्या दिवशीं संध्याकाळीं मिस्त्री गेल्यावर आम्ही त्यांच्यापाशीं जाऊन बसलों आणि तीस वर्षें राहिलेलें बोललों. खांब आमच्यामुळें गेला, तुम्हीं तेव्हां विचारलें होतें, आम्ही हंसलों, असें सगळें.

अण्णा म्हणाले, "अरे, तें मला ठाऊक आहे. पहिला पगार आईच्या हातावर ठेवलास तेव्हांपासून एकदां कांहीं तरी आपल्या पैशानें करावें असें तुझ्या मनांत होतें. भिंतीचें मला कांहीं नाहीं." मग कांहीं वेळानें म्हणाले, "फ्लॅट झाला तर बरें, असें मी पोरांना म्हटलें आहे. तुला सांगितलें नाहीं."

आम्हीं कारण विचारलें. कारण असें होतें कीं, शौचकूप चौकापलीकडे. रात्रीं दोनदां तरी उठावें लागतें. तीन पायऱ्या उतरून, ओल्या फरशीवरून, काठी टेकीत जावें लागतें. गेल्या पावसाळ्यांत ते एकदां घसरले आणि भिंतीला धरून पंधरा मिनिटें उभे राहिले. कोणास उठविलें नाहीं. वहिनींनाहि सांगितलें नाहीं.

वाचकहो, आम्ही त्या चौकांतून दिवसाला वीस वेळां जातों. तीन महिने आम्ही भिंतीच्या घामाचें शास्त्र शिकत होतों. आणि ज्या पायऱ्यांवर आमच्या थोरल्या भावाचा पाय घसरला त्या पायऱ्यांवर उभे राहून आम्हीं मिस्त्रींस चुन्याचें प्रमाण विचारलें होतें. हें वाक्य लिहावयास आम्हांस दोन दिवस लागले.

पुढचें काम आठ दिवसांत ठरलें. शौचकूप घरांत, तेंहि देवघराच्या भिंतीला लागून, हें वहिनींना कदापि रुचेना; ज्यांच्यासाठीं तें व्हावयाचें त्यांनींच अडवावें असा प्रसंग. तेव्हां दुसऱ्या बाजूची कोठीची खोली रिकामी केली. डबे, पातेलीं, तीन पिढ्यांचे पाट आणि कोणाच्याहि आठवणींत नसलेली एक पितळी घंगाळ वर माडीवर गेलीं. अण्णांच्या बिछान्यापासून ती खोली बारा पावलांवर आहे, आणि वाटेंत एकहि पायरी नाहीं. पुतण्यांनीं नकाशा काढला. चाकणास कारखान्यांत इंजिनियर असलेला धाकटा पुतण्या यांत आमच्यापेक्षां फार शहाणा निघाला. दार पुरें तीन फूट रुंद व बाहेर उघडणारें, म्हणजे आंत कोणी पडलें तरी दार अडत नाहीं, उंबरा नाहीं, फरशी खरखरीत, कमोडाच्या दोन्ही बाजूंस भिंतींत पक्के बसविलेले दांडे, दिव्याचें बटण बिछान्यावरून हाताला लागेल असें. हे दांडे माणसाचा सगळा भार घेतील असे घट्ट पाहिजेत, म्हणून या खोलींत सिमेंट वापरलें आहे. मिस्त्रींनीं त्यास हरकत घेतली नाहीं. एवढेंच म्हणाले कीं, माजघराच्या भिंतीपासून चार बोटें अंतर ठेवा.

ज्या घरांत साठीच्या पुढचीं माणसें आहेत तेथें आमची एक विनंति आहे. रंग, पडदे, स्वयंपाकघराचा ओटा हें सगळें व्हावें. पण आधीं एका रात्रीं दिवे मालवून, अनवाणी, त्यांच्या बिछान्यापासून मोरीपर्यंत आपण स्वतः चालून पाहावें. आम्हीं पाहिलें. तिसऱ्या पायरीवर आमचाच पाय चुकला.

बिल्डरला काय सांगावयाचें हें अजून ठरलेलें नाहीं. पुतणे म्हणतात, खांब जोडला हें खरें, पण वरच्या तुळईचें दुसरें टोंक कोणी पाहिलें आहे? प्रश्न रास्त आहे, आणि सुतार पुढच्या आठवड्यांत तें उघडणार आहे. अण्णा नव्या खोलींत चार रात्रीं जाऊन आले. बरें आहे म्हणतात. फ्लॅटविषयीं पुन्हां बोलले नाहींत, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

चुन्याचा दुसरा हात फाल्गुनांत चढावयाचा. तोंवर पहिला हात तडकूं नये म्हणून सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडण्याचें काम मिस्त्रींनीं आमच्याकडे दिलें आहे. आतांच चौकांतून अण्णांनीं हांक मारली आहे कीं देवघराकडचा कोपरा आज कोरडाच राहिला. तेव्हां टांक ठेवून झारी घेतों.